ग्रीक अक्षरांवरची चिन्हं: वरून बरोबर, आतून वेगळी

प्रश्न थोडक्यात असा. महाराष्ट्रातल्या प्राचीन बंदरांवर आणि बाजारपेठांवर एक मराठी पुस्तक तयार होतंय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं येतात. लेखकाला ती मूळ ग्रीक लिपीत द्यायची आहेत. नावं इकडून-तिकडून उचलून पेस्ट केली, तर काही अक्षरांच्या जागी चौकोन आले. काही ठिकाणी डोक्यावरची तिरपी रेघ शेजारी सरकली. सूची करताना एकच नाव दोनदा आलं, कारण संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटली. विचारलंय दोन गोष्टींबद्दल: नेमकं कुठलं अक्षर घ्यायचं, आणि ती वरची चिन्हं काढूनच टाकली तर चालतील का?

मी वीसेक वर्षं बहुभाषिक मजकुराची अक्षरजुळणी करतोय. त्यात ग्रीकचा वाटा लहान असला तरी सगळ्यात जास्त प्रूफं त्यानेच काढायला लावली. म्हणून जरा पाल्हाळाने लिहितो. या उत्तरात मी ग्रीक अक्षरं मुद्दामच टाइप केलेली नाहीत. माझ्या पडद्यावर ती जशी दिसतात तशीच तुमच्याकडे दिसतील याची खात्री नाही, आणि सगळा घोळ नेमका तिथेच आहे. त्याऐवजी अक्षराचं नाव आणि त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात त्या अक्षराला नेमून दिलेला आकडा, देतो. क्रमांक नेहमीच्या दशमान आकड्यांत आहेत. कोष्टकांत ते सोळा-पायाच्या पद्धतीने छापलेले असतात, तेव्हा ताडून बघताना गोंधळू नका.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. चिन्हं काढून चालणार नाही. ती शोभेची नाहीत. हेरोडोटसचं नाव बघा. ग्रीक वर्णमालेत 'ह' हे अक्षरच नाही. त्याच्या नावातला 'ह' सुरुवातीच्या ईटाच्या ('ए'सारख्या उच्चाराच्या ग्रीक अक्षराच्या) डोक्याशी असलेल्या उलट्या स्वल्पविरामासारख्या चिन्हात असतो. त्या चिन्हाला दासिया म्हणतात. ते पुसलंत तर उरतो 'एरोडोटोस'. होमरचंही तसंच. 'ह' नसेल तर तोंड दुसरीकडे वळलेलं चिन्ह लावतात, ते प्सिली. प्राचीन पद्धतीच्या ग्रीकमध्ये शब्दाची सुरुवात स्वराने झाली की या दोघांपैकी एक हवंच, ते नसेल तर शब्द अर्धवट लिहिलेला समजा.

यापुढे आघाताची तीन चिन्हं आहेत. ऑक्सिया म्हणजे उजवीकडे चढत जाणारी रेघ, वारिया म्हणजे उतरती रेघ, आणि पेरिस्पोमेनी म्हणजे नागमोडी किंवा कमानीसारखं चिन्ह. शिवाय अल्फा, ईटा आणि ओमेगा यांच्या पायाशी बारीक आयोटा येऊ शकतो. दोन स्वर वेगवेगळे उच्चारायचे असतील तर वर दोन टिंबं येतात, त्यांना दियालितिका म्हणतात. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या बायझँटियमच्या अॅरिस्टोफेनीसकडे, म्हणजे इसवी सनपूर्व २०० च्या आसपासच्या काळाकडे, या पद्धतीचं श्रेय परंपरेने जातं.

यातली किती चिन्हं अर्थ बदलतात ते एकट्या ईटावरून कळतं. दासिया असलेला ईटा म्हणजे स्त्रीलिंगी 'ती', इंग्रजी 'द' सारखं उपपद. दासिया आणि ऑक्सिया दोन्ही असतील तर 'जी'. प्सिली आणि ऑक्सिया असेल तर 'किंवा'. प्सिली आणि पेरिस्पोमेनी असेल तर 'खरोखर'. त्याच्याच पायाशी आयोटा लागला तर ते 'असणे' या क्रियापदाचं विध्यर्थासारखं रूप होतं, आणि दासिया, पेरिस्पोमेनी आणि पायाशी आयोटा असं त्रिकूट जमलं तर 'जिला'. अक्षर एकच, शब्द सहा. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' मधली वेलांटी चुकली तर आपण हसतो, इथे तर अख्खं वाक्य कोलमडतं.

आधुनिक ग्रीकचं प्रकरण वेगळं आहे. ग्रीसने १९८२ मध्ये ही बहुचिन्ह पद्धत अधिकृतपणे सोडली आणि एकच आघातचिन्ह ठेवलं, तोनोस. दियालितिका लागेल तिथे राहिली. दासिया-प्सिली गेल्या, पायाचा आयोटाही गेला. एका अवयवाच्या (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) शब्दांवर तोनोस देत नाहीत, पण 'किंवा' या अर्थाचा ईटा आणि 'कुठे', 'कसं' हे प्रश्नार्थक शब्द अपवाद आहेत. एकच चिन्ह उरलं म्हणून ते कमी महत्त्वाचं झालं असं नाही. 'पोते' या शब्दात पहिल्या ओमिक्रॉनवर तोनोस असेल तर 'केव्हा', शेवटच्या एप्सिलॉनवर असेल तर 'कधीच नाही'. 'नोमोस' मध्ये पहिल्या अवयवावर असेल तर 'कायदा', दुसऱ्यावर असेल तर 'प्रांत' किंवा 'जिल्हा'.

म्हणून टाइप करायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवा: समोरचा मजकूर प्राचीन पद्धतीचा की आधुनिक? पेरिप्लस, प्लेटो, नवा करार हे प्राचीन. अथेन्समधल्या आजच्या दुकानाची पाटी आधुनिक. एकाच नावात दोन्ही पद्धती मिसळल्या की जाणकाराला ते पहिल्याच नजरेत खटकतं. 'हेरोडोटस' प्राचीन पद्धतीने लिहिताना दासिया घातलेला मोठा ईटा लागतो, क्रमांक ७९७७. आधुनिक पद्धतीत तो साधा मोठा ईटा, क्रमांक ९१९.

तुमच्या पुस्तकात मात्र एक तिसरा प्रकारही येणार आहे, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्या नाण्यांवर ग्रीक अक्षरांतही मजकूर आहे. नाण्यांवर आणि शिलालेखांवर मोठी अक्षरं असतात, चिन्हं नसतात. तिथे मजकूर जसाच्या तसा द्यायचा असेल तर व्याकरण आठवून स्वतःच्या मनाने चिन्हं घालू नका. पेरिप्लसची गोष्ट उलटी आहे. पहिल्या शतकातल्या लेखकाने आपल्या हाताने आघात दिले नसणार. पण मजकूर आपल्यापर्यंत आला तो दहाव्या शतकातल्या बायझँटाइन हस्तलिखितातून (ते आज हायडेलबर्गला आहे) आणि नंतरच्या संपादकांच्या छापील आवृत्त्यांतून. त्या आवृत्त्यांत चिन्हं असतात. परक्या गावांच्या नावांवर आघात कुठे द्यावा याबद्दल संपादकांचं एकमत असेलच असं नाही. तुम्ही एक आवृत्ती धरा आणि सगळी नावं तिच्यातूनच घ्या.

आता मुख्य गोष्ट. डोळ्याला एकच दिसणारं अक्षर संगणकाच्या पोटात दोन-तीन प्रकारे असू शकतं. मराठी टाइप करणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. 'ॲ' घ्या. २००८ मध्ये युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली, क्रमांक २४१८. पण कित्येक जण आजही 'अ' टाइप करून त्यावर चंद्र लावतात. छापून दोन्ही सारखेच दिसतात. शोधायला गेलात तर 'ॲप' टाकल्यावर चंद्र लावलेला 'अॅप' सापडत नाही. ग्रीकमध्ये हाच प्रकार आहे, फक्त एका अक्षराऐवजी दोनशेहून जास्त अक्षरांच्या बाबतीत.

ग्रीकसाठी युनिकोडमध्ये दोन मुख्य पट्टे आहेत. पहिला ८८० ते १०२३. त्यात साधी अक्षरं आणि तोनोस लावलेले आधुनिक स्वर आहेत. दुसरा ७९३६ ते ८१९१. त्यात प्राचीन पद्धतीची, दोन-दोन तीन-तीन चिन्हं आधीच जोडलेली अक्षरं आहेत. त्या २५६ जागांपैकी २३३ भरलेल्या आहेत. याखेरीज साधं अक्षर टाइप करून त्याच्यामागे सुटी जोडचिन्हं टाकायचीही सोय आहे. ती ७६८ च्या पुढच्या पट्ट्यात आहेत: वारिया ७६८, ऑक्सिया ७६९, दियालितिका ७७६, प्सिली ७८७, दासिया ७८८, पेरिस्पोमेनी ८३४, पायाचा आयोटा ८३७.

एक उदाहरण. प्सिली, वारिया आणि पायाशी आयोटा असलेला छोटा अल्फा. हा तयार मिळतो, क्रमांक ८०६६. तोच सुट्या तुकड्यांतून बनवला तर चार तुकडे लागतात: अल्फा ९४५, मग ७८७, ७६८, ८३७. चांगल्या फाँटात दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. युनिकोडही त्यांना समान मानतं. पण साध्या शोधाला, सूचीला, फाइलच्या नावाला ते वेगळे वाटू शकतात.

त्यातही एक बारकावा असा की या तुकड्यांचा क्रम चुकला तर समानताही संपते. आधी श्वासचिन्ह (प्सिली किंवा दासिया), मग आघात, हाच क्रम हवा. उलटा टाइप केलात तर युनिकोडच्या नियमाने ते वेगळं अक्षर ठरतं आणि कुठलंही साधन ते आपणहून सुधारणार नाही. पायाच्या आयोटाचं असं नाही. तो खाली बसतो, त्यामुळे मध्येच टाकला तरी प्रमाणीकरणात (त्याबद्दल पुढे सांगतो) आपल्या जागी जातो. वरचे दोघे मात्र एकाच जागेसाठी भांडणारे, त्यांना टाइप करणाऱ्यानेच नीट उभं करायचं.

तुमचं एकच नाव सूचीत दोनदा का आलं, याचं सगळ्यात संभाव्य कारण तोनोस आणि ऑक्सिया. अल्फावर तोनोस ९४०, अल्फावर ऑक्सिया ८०४९. दोन्ही उजवीकडे चढणाऱ्या रेघाच. युनिकोडच्या सुरुवातीच्या काळात त्यांना वेगळं मानून दोन जागा दिल्या गेल्या, आणि काही जुन्या फाँटांत तोनोस जवळपास उभा काढत, ऑक्सिया तिरपी. पुढे ठरलं की दोन्ही एकच चिन्ह आहे. पण एकदा दिलेली जागा युनिकोड परत घेत नाही, म्हणून दोन्ही शिल्लक आहेत. एका संकेतस्थळावरून उचललेल्या नावात ९४० असेल, दुसऱ्यावरून उचललेल्यात ८०४९.

इलाजाचं नाव प्रमाणीकरण. त्याचे प्रकार चार, तुम्हाला हवा तो 'एनएफसी'. तो सुटे तुकडे जोडून शक्य तिथे तयार अक्षर करतो आणि ८०४९ सारख्या दुबार अक्षरांचं ९४० करतो. म्हणजे प्राचीन मजकुरातही एकट्या आघाताचा अल्फा आधुनिक पट्ट्यातला येतो. ते पाहून कुणी तुम्हाला 'चूक' म्हणालं तर घाबरू नका, तेच बरोबर आहे. पायथनमध्ये 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधलं 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन हे काम एका ओळीत करतं. प्रोग्रामिंग येत नसेल तर एखाद्या जाणकाराकडून दहा मिनिटांत करून घ्या. आपल्या 'ॲ' ला ही सोय नाही बरं का. 'अ' अधिक चंद्र आणि २४१८ यांना युनिकोड समान मानत नाही, त्यामुळे तिथे हाताने शोधून बदलण्याला पर्याय नाही. या बाबतीत ग्रीकवाले सुदैवी.

उलटा प्रकार 'एनएफडी', तो सगळं फोडतो. मॅकवरच्या जुन्या फाइल-पद्धतीत फाइलची नावं अशी फोडून साठवली जात. ग्रीक नावाची चित्रफाइल मॅकवरून विंडोजवर आणल्यावर दुवा तुटतो, याचं कारण अनेकदा हे असतं. चित्रांच्या फाइलना ग्रीक नावं देऊच नका, हा माझा सरळ सल्ला. मराठीही नको.

तुमची चार नावं आता जवळून बघू. पैठणचं नाव 'पैथाना'. पाय, अल्फा, आयोटा, थीटा, अल्फा, न्यू, अल्फा. ऑक्सिया कुठे द्यायची? मराठी डोळा सांगतो, पहिल्या अल्फावर. चूक. अल्फा आणि आयोटा मिळून जोडस्वर होतो, आणि जोडस्वरावरचं चिन्ह नेहमी दुसऱ्या अक्षरावर बसतं. म्हणून ती आयोटावर, क्रमांक ९४३. सोपाऱ्याचं 'सूप्पारा' तसंच: ओमिक्रॉन आणि उप्सिलॉन मिळून 'ऊ' होतो, ऑक्सिया उप्सिलॉनवर, क्रमांक ९७३. कल्याणच्या 'कल्लिएना'त जोडस्वर नाही. आयोटा आणि एप्सिलॉन वेगळे उच्चारायचे, ऑक्सिया आयोटावर. तेरचं 'तगारा' सगळ्यात सोपं, पहिल्याच अल्फावर ९४०. चारही नावं व्यंजनाने सुरू होतात, त्यामुळे श्वासचिन्हाचा प्रश्न नाही.

प्रश्न येईल तो 'अरिआके' या प्रदेशनामात. सुरुवात मोठ्या अल्फाने, म्हणून प्सिली हवी. मोठ्या अक्षराला चिन्ह डोक्यावर न बसता डावीकडे बसतं. त्यामुळे टाइप करणारे सर्रास एक अवतरणचिन्ह टाकून पुढे साधा मोठा अल्फा टाकतात. छापील पानावर ते खपून जातं, पण ओळीच्या शेवटी अवतरणचिन्ह एका ओळीत आणि अल्फा दुसऱ्या ओळीत, असंही मी पाहिलंय. तयार अक्षर घ्या, ७९४४. याच नावाच्या शेवटी ईटावर ऑक्सिया आहे. ग्रीक वाक्यात शेवटच्या अवयवावरची ऑक्सिया पुढे लगेच दुसरा शब्द आला की वारिया होते, विरामचिन्ह आलं तर तशीच राहते. मराठी वाक्यात एकटं नाव उद्धृत करताना ऑक्सियाच ठेवा. पण एखादं अख्खं ग्रीक वाक्य देणार असाल तर शब्दकोशातले सुटे शब्द उचलून ओळीत चिकटवू नका. प्रत्येक शब्दाच्या शेवटी ऑक्सियाच ऑक्सिया दिसल्या की वाचणाऱ्याला कळतं, हे कोशातून आलंय.

दिसण्याच्या बाबतीत फसवणारे आणखी काही आहेत. पेरिस्पोमेनीच्या जागी बरेच जण स्पॅनिश-पोर्तुगीज अक्षरांवर येणारी नागमोडी रेघ टाकतात, क्रमांक ७७१. ती दिसते तशीच, पण हवं ते ८३४. तोनोसचं सुटं रूप ९०० हे जोडचिन्ह नाही, ते स्वतःची वेगळी जागा घेतं. तुमच्याकडे रेघ शेजारी सरकलेली दिसते, तिथे एकतर हे असेल, नाहीतर १८० क्रमांकाचं लॅटिन आघातचिन्ह. अल्फानंतर ९०० आहे असं दिसलं तर दोन्ही खोडून ९४० टाका. शब्दाचा शेवटचा स्वर गळाल्यावर येणारं लोपचिन्ह म्हणजे ८२१७, आपलं छपाईतलं नेहमीचं एकेरी अवतरण. ८१२५ क्रमांकाचं हुबेहूब चिन्ह तिथे टाकू नका.

सिग्मा शब्दाच्या मध्ये ९६३, शेवटी ९६२. मोठा सिग्मा एकच, ९३१. वर्णमालेच्या कोष्टकात ९३० ही जागा मोकळी आहे, कारण शेवटच्या सिग्माला मोठं रूपच नाही. कुणीतरी विचार करून ती जागा सोडली, हे मला दर वेळी पाहताना आवडतं.

टाइप कसं करायचं? विंडोजवर भाषांच्या यादीतून ग्रीक जोडा. त्यात साधा ग्रीक कीबोर्ड आहे आणि 'पॉलिटॉनिक' नावाचा प्राचीन पद्धतीचा. मॅकवरही दोन्ही आहेत. साध्या ग्रीक कीबोर्डवर अर्धविरामाची की आधी दाबायची, काहीच उमटत नाही, मग स्वर दाबला की तोनोससकट स्वर येतो. आपल्या इनस्क्रिप्टची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं. आपण आधी व्यंजन आणि मग मात्रा टाकतो, इथे आधी चिन्ह आणि मग अक्षर. शेवटचा सिग्मा डब्ल्यूच्या कीवर आहे. पॉलिटॉनिकमध्येही तत्त्व तेच, फक्त चिन्हांच्या किया जास्त. पडद्यावरचा कीबोर्ड उघडून ठेवा, पहिल्या तासाभरात हात बसतो. पाच-दहा नावांसाठी एवढं नको असेल तर एक्सेलमध्ये 'युनिकॅर' नावाचं फंक्शन आहे. फंक्शनचं नाव इंग्रजीत टाइप करून कंसात ९४० दिलंत की तोनोसचा अल्फा मिळतो. उलट दिशेने 'युनिकोड' फंक्शन पेशीतल्या पहिल्या अक्षराचा क्रमांक देतं. माझ्या टेबलावर ग्रीक मजकूर आला की पहिलं काम तेच. शब्द एका पेशीत टाकायचा, एकेक अक्षर वेगळं काढायचं, आकडे बघायचे. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आता चौकोन. देवनागरीच्या बहुतेक फाँटांत ग्रीक अक्षरं नसतात. ज्यांत असतात त्यांतही अनेकदा फक्त पहिला पट्टा असतो. म्हणून 'तगारा' नीट येतं आणि 'अरिआके'चा पहिला अल्फा चौकोन होतो. जेन्शियम, जीएफएस डिडॉट किंवा नोटो सेरिफ यांपैकी एखादा फाँट घ्या, त्यांत दोन्ही पट्टे आहेत. वर्डमध्ये देवनागरीचा फाँट आणि ग्रीकचा फाँट वेगवेगळ्या खान्यांतून ठरतो. देवनागरी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मध्ये जाते, ग्रीकला लॅटिनचा खाना लागतो. त्यामुळे अख्खा परिच्छेद निवडून देवनागरी फाँट दिला तरी ग्रीक बदलत नाही, किंवा बदलू नये ते बदलतं.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर तुम्ही मराठीसाठी लावलेला असेलच, ग्रीक जोडचिन्हांनाही तो चालतो. फाँटात नसलेल्या अक्षरावर गुलाबी ठसा दिसतो, तो दुर्लक्षू नका. ग्रीकसाठी एक कॅरेक्टर स्टाइल करा आणि ती ग्रेप स्टाइलने (ठरवलेली अक्षरं दिसली की शैली आपोआप लावणाऱ्या सोयीने) लावा, म्हणजे प्रत्येक शब्द हाताने निवडावा लागणार नाही. पट्टे तीन द्यायचे: ८८० ते १०२३, ७९३६ ते ८१९१, आणि विसरू नका असा तिसरा, ७६८ ते ८७९. इनडिझाइनला हे आकडे सोळा-पायाच्या रूपात द्यावे लागतात. तिसरा पट्टा राहिला तर अक्षर ग्रीक फाँटात आणि त्याच्या डोक्यावरचं सुटं चिन्ह देवनागरी फाँटात अशी फाटाफूट होते, आणि मग रेघ हवेत तरंगते. आकाराचं बघायचं तर त्याच पॉइंटला ग्रीक देवनागरीपेक्षा मोठं दिसतं. मी साधारण दहा टक्के लहान करतो. ठरीव नियम नाही, तुमच्या फाँटजोडीवर एक पान छापून बघा.

जुन्या फाइली आल्या तर सावध. युनिकोडपूर्व काळात मराठीत जे झालं तेच ग्रीकमध्ये झालं. आत इंग्रजी अक्षरं आणि वर ग्रीकचा मुखवटा चढवणारा फाँट. 'सिंबॉल' फाँटात टाइप केलेला अल्फा आतून इंग्रजी 'ए' असतो. फाँट गेला की मुखवटा गळतो. अशा मजकुराचं रूपांतर करायला तक्ता लागतो, आणि चिन्हांच्या बाबतीत प्रत्येक जुन्या फाँटाचा तक्ता वेगळा. विद्वानांच्या वर्तुळात 'बीटा कोड' नावाची पद्धत चालायची, त्यात चिन्हं कंस, तिरप्या रेघा आणि बरोबरच्या चिन्हाने लिहीत. १९७२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सुरू झालेल्या ग्रीक ग्रंथसंग्रहाच्या प्रकल्पाने ती रुजवली. ती मात्र शिस्तीची आहे, तिचं रूपांतर बिनघोर होतं.

आणखी एक जुनं दुखणं. आधुनिक ग्रीकच्या दोन एकबाइटी संकेतप्रणाली होत्या, आयएसओची आणि विंडोजची. त्या जवळपास सारख्याच. एक मुख्य फरक असा की तोनोस असलेला मोठा अल्फा आयएसओत १८२ वर आहे आणि विंडोजमध्ये १६२ वर. विंडोजमध्ये १८२ वर परिच्छेदाचं चिन्ह, तो उलटा 'पी'. एकदा माझ्याकडे ग्रीक बेटांवरचं एक माहितीपत्रक आलं होतं. सगळा मजकूर स्वच्छ, फक्त 'आंद्रोस' या बेटाच्या नावाची सुरुवात प्रत्येक ठिकाणी परिच्छेदचिन्हाने. मांडणी करणाऱ्याने ते खरंच परिच्छेदचिन्ह समजून सगळीकडे पुसलं, आणि बेट 'न्द्रोस' झालं. अशी फाइल आली तर काही पुसू नका, योग्य संकेतप्रणाली निवडून पुन्हा उघडा.

विरामचिन्हांबद्दल एकच सांगतो. ग्रीकचं प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखं दिसतं. त्याचा स्वतंत्र क्रमांक ८९४ आहे, पण प्रमाणीकरणात तो साधा अर्धविराम ५९ होतो, आणि ते ठीक आहे. ठीक नाही ते प्रूफ तपासणाऱ्याने केलेलं. एका पुस्तकात आमच्या मुद्रितशोधकाने वाक्याच्या शेवटी अर्धविराम कसा, म्हणून सगळे पूर्णविराम केले. सॉक्रेटिसचे सगळे प्रश्न विधानं झाले. ग्रीक तुकड्यांच्या शेजारी समासात 'विरामचिन्हं बदलू नयेत' असं लिहून ठेवायची सवय तेव्हापासून लागली.

मोठ्या अक्षरांचा एक नियम तुमच्या मुखपृष्ठासाठी. सगळा शब्द मोठ्या अक्षरांत असेल तर आघात आणि श्वासचिन्हं गळतात. पहिलंच अक्षर मोठं असेल तर राहतात. आपल्याकडे मोठी-छोटी अक्षरं नसल्याने हे लक्षात येत नाही. सॉफ्टवेअरला 'सगळं मोठं कर' सांगितलं तर अनेकदा ते चिन्हं तशीच ठेवतं. वेबपानावर मजकुराची भाषा ग्रीक म्हणून नोंदवलेली असेल तर आजचे ब्राउझर ती बरोबर गाळतात. भाषा न नोंदवता मराठीच ठेवली तर नाही. दियालितिका मात्र राहते, उलट कधी नव्याने घालावी लागते. 'माइओस', म्हणजे मे महिना. छोट्या अक्षरांत अल्फावर तोनोस आहे म्हणून 'आ' आणि 'इ' वेगळे कळतात. मोठ्या अक्षरांत तोनोस गेला की 'मेओस' असं वाचलं जाईल, म्हणून आयोटावर दोन टिंबं द्यायची.

शोधासाठी चिन्हं आड येतात हे खरं. वाचकाने चिन्हाविना टाइप केलं तरी सापडावं असं ई-पुस्तकात हवं असेल तर शोधासाठी वेगळी प्रत बनवा: एनएफडी करून सगळी जोडचिन्हं काढा, शेवटच्या सिग्माचा साधा सिग्मा करा. ती प्रत पडद्यामागे राहू दे. छापायच्या मजकुराला हात लावायचा नाही.

एवढं करून सूची पुन्हा काढा. 'पैथाना' आता एकदाच यायला हवं. 'कल्लिएना' किंवा 'तगारा' तरीही दोनदा आलं, तर चिन्हाकडे नाही, पहिल्या अक्षराकडे बघा. मोठा काप्पा आणि इंग्रजी के, मोठा ताउ आणि इंग्रजी टी छापून सारखेच दिसतात. हे कुठलंही प्रमाणीकरण जोडत नाही, कारण ती खरंच वेगळ्या लिपींची अक्षरं आहेत. एक्सेलमध्ये तेरच्या नावाचा पहिला क्रमांक ८४ आला तर तो इंग्रजी टी. खोडा आणि ९३२ टाका. कल्याणला ७५ आला तर तिथे ९२२.